सकाळचा पहिला सेल्फ आणि सायलेन्सरचा धूर

जानेवारीच्या पहाटेही ठाण्यात पारा सहसा 15 अंशांच्या फार खाली जात नाही. येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला अंशभर कमी धरा. इंजिनाच्या हिशेबी ही थंडीच नव्हे. त्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये ‘थंडीमुळे घेत नाहीये’ म्हणत कोणी सेल्फवर सेल्फ मारत असेल, तर हवामानाला बोल लावू नये. गाडीत काहीतरी आधीच कमकुवत झालेलं असतं, रात्रभर उभी राहिल्यावर ते उघडं पडतं.

पेट्रोल द्रवरूपात नीट जळत नाही, त्याची वाफ जळते. गरम इंजिनात एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. इंजिन गार असताना बरंचसं पेट्रोल धातूच्या भिंतींना चिकटून बसतं, म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावं लागतं. कार्ब्युरेटरच्या मारुती 800 मध्ये त्यासाठी चोक ओढायचा. एमपीएफआय गाडीत (म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) हे काम कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमानाचा सेन्सर करतो, आणि जुन्या गाडीत हाच सेन्सर खोटं बोलायला लागतो. गार इंजिनाला ‘गरम’ म्हणाला तर जादा पेट्रोल मिळत नाही आणि गाडी लवकर घेत नाही. गरम इंजिनाला ‘गार’ म्हणत राहिला तर काळा धूर येतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. सेन्सर स्वस्त असतो, पण लोक आधी प्लग, मग कॉइल, मग बॅटरी बदलून शेवटी त्याच्याकडे वळतात.

एक फुकटची तपासणी आधी करून बघा. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून पंपाचा बारीक घूं आवाज येऊन दोनेक सेकंदांत थांबेल. किल्ली बंद करून हेच दोन-तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. एरवी दम खाणारी गाडी आता पटकन सुरू झाली, तर रात्रीतून पेट्रोलच्या लाइनचं प्रेशर उतरतंय हे नक्की. पंपातला एकतर्फी व्हॉल्व्ह गेलाय किंवा एखादा इंजेक्टर गळतोय.

आपल्याकडच्या सीएनजी गाड्यांचं दुखणं थोडं वेगळं. बहुतेक सिक्वेन्शियल किटच्या (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस फवारणाऱ्या) गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन जरा तापलं की गॅसवर जातात. मालक टाकीत जेमतेम दोन-तीन लिटर ठेवतो. ते महिनोन्‌महिने पडून राहतं आणि त्यातले चटकन उडणारे घटक निघून जातात. नेमके तेच गार इंजिन पेटवायला लागतात. शिवाय पंपाला गार ठेवणारं पेट्रोलच नसल्याने पंपही लवकर जातो. गॅसवर लोण्यासारखी पळणारी गाडी सकाळी हटून बसते, त्यामागे अनेकदा हे असतं.

बॅटरीबद्दल एवढंच की तिला उन्हाळा मारतो, हिवाळा फक्त पंचनामा करतो. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्ट दिसले तर चार्ज पुरेसा आहे. पण सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली घसरत असेल तर बॅटरीची ताकद संपली. पावसाळ्यात मात्र स्पार्क प्लगला वीज नेणाऱ्या हाय-टेन्शन वायरींवर डोळा ठेवा. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. दमट हवेत चिरलेल्या वायरीवरून निळसर ठिणग्या सरपटताना दिसतात. बघा, हात लावू नका.

आता धूर. निळा म्हणजे ऑइल, पांढरा म्हणजे पाणी, काळा म्हणजे जादा पेट्रोल, हा तक्ता सगळ्यांना पाठ असतो. तो चूक नाही, पण अर्धवट आहे. धूर कधी येतो आणि कधी थांबतो, हे माझ्या मते रंगाहून जास्त सांगतं.

पांढऱ्यापासून सुरू करू. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. सायलेन्सर गार असताना त्याची वाफ दिसते, नळीतून थेंबही पडतात. काही मिनिटांत हे थांबलं तर विषय संपला. इंजिन तापल्यावरही दाट, गोडसर वासाचा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधल्या पट्टीवर) संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर संशय आणखी बळावतो, फक्त रोज जेमतेम स्टेशनपर्यंत जाणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही ती धरते. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका. डिझेल गाडीत पहाटेचा डोळे झोंबवणारा पांढरा धूर म्हणजे बहुधा न जळलेलं डिझेल. आधी हीटर प्लग तपासून घ्या.

निळ्यात खरी गंमत आहे. सकाळी सुरू करताच निळा लोट आणि मिनिटभरात साफ, तर व्हॉल्व्ह सील. सीलचं रबर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होतं, रात्री हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या दांड्यावरून झिरपतं आणि सकाळी जळतं. खात्री करायला घोडबंदर रस्त्यावरचा गायमुखचा उतार उत्तम. गाडी गिअरमध्ये ठेवून एक्सलेटर पूर्ण सोडा. थ्रॉटल बंद असल्याने आत जोरदार व्हॅक्यूम होतो आणि सीलमधून ऑइल ओढलं जातं. खाली आल्यावर एक्सलेटर दाबा, मागच्या गाडीतल्या मित्राला निळा फवारा दिसेल. (हे रविवारी पहाटेच जमेल, एरवी तिथे उतार नसतो, रांग असते.) याउलट गाडी तापल्यावरही, प्रत्येक चढावर, जोर लावला की निळा धूर निघत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असाव्यात.

पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. पेट्रोल गाडीच्या तपासणीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, धुराचा दाटपणा मोजत नाहीत. इंजिनही तोवर गरम झालेलं असतं. सकाळचा तो पहिला मिनिट तिथे कोणी बघतच नाही.

मेकॅनिक ‘इंजिन करावं लागेल’ (म्हणजे खोलून दुरुस्त करावं लागेल) म्हणाला तर आधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची तपासणी, मागा. प्लग काढून त्या जागी गेज लावतात आणि सेल्फ मारतात. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. एखादा बराच कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला सांगा. आकडा चढला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणि आकडे छान असूनही फक्त सकाळचाच निळा धूर असेल, तर बोअर-पिस्टनला हात लावू देऊ नका. सील बदलून घ्या. काही इंजिनांत तर त्यासाठी हेडही उतरवावं लागत नाही.