पानाचे पैसे आणि वाढपाचे पैसे

इटलीत, बोलोन्यातल्या एका गल्लीतली दुपार. जेवण झालं, कॉफी झाली, आणि आप्पांनी सवयीनं बिल स्वतःकडे ओढलं. बँकेत पस्तीस वर्षं काढलेला माणूस. हॉटेलचं बिलसुद्धा पासबुक तपासल्यासारखं वरून खाली बोट फिरवत वाचतात. बोट पहिल्याच ओळीवर अडलं.

"हे कोपेर्तो कुणी मागवलं होतं?"

"कुणी नाही आप्पा. ते टेबलाचे पैसे आहेत. माणशी अडीच युरो."

"म्हणजे सर्व्हिस चार्ज! तो आपल्याकडे बंद केलाय कोर्टानं."

आप्पांचं चुकलं ते इथं, आणि इटलीला जाऊन आलेल्या निम्म्या मराठी माणसांचं इथंच चुकतं. कोपेर्तो म्हणजे सर्व्हिस चार्ज नव्हे. सर्व्हिस चार्जला तिकडे 'सेर्वित्सिओ' म्हणतात आणि ती वेगळी ओळ असते. दोन्ही न मागवता बिलावर येतात, म्हणून एकाच जातीच्या वाटतात. त्यात आपल्याकडे खाण्याच्या रकमेखाली पाच टक्के जीएसटी लागलेला बघायची सवय. तिकडचा दहा टक्के कर मेनूवरच्या किमतीतच धरलेला असतो, खाली वेगळा लागत नाही. त्यामुळे कर शोधणारी नजर कोपेर्तोवर पडते आणि 'हाच तो टॅक्स' असंही काही जण ठरवून मोकळे होतात.

आमचं त्या दिवशीचं बिल असं होतं: कोपेर्तो तिघांचे साडेसात, पाण्याची बाटली तीन, बायकोनं घेतलेलं ताल्यातेल्ले आल रागू (खिम्याच्या सॉसमधला पास्ता) तेरा, आप्पांचे आणि माझे रिकोटा चीज भरलेले तोर्तेल्लोनी (हाही पास्ताच) तेरा-तेरा, सॅलड पाच, भाजलेले बटाटे पाच, कॉफ्या साडेचार. एकूण ६४ युरो. (दशांशाला तिकडे टिंब नसतं, स्वल्पविराम असतो. '७,५०' बघून आप्पांना क्षणभर साडेसातशेचा घाम फुटला होता, तेही नोंदवून ठेवतो.) या बिलात सेर्वित्सिओ कुठंच नव्हता.

कोपेर्तो म्हणजे काय हे समजावायला मी इंग्रजीतला 'कव्हर चार्ज' वापरून पाहिला. त्यानं आणखी घोळ झाला, कारण आपल्या शहरांत कव्हर चार्ज म्हणजे पबच्या दारात द्यायचे पैसे. मग माझं मलाच सुचलं की यासाठी मराठीत तंतोतंत शब्द आहे. पान!

लग्नघरात आचारी विचारतो, "पानं किती?" त्याला केळीची पानं मोजायची नसतात. बसणारी माणसं मोजायची असतात. एक पान म्हणजे एक पाट, एक ताट, तांब्या-भांडं, डावीकडचं मीठ-लिंबू, आणि त्यामागं बसलेलं एक माणूस. अन्न अजून यायचं असतं, पण पान मांडलं की जागा झाली. इटालियनमध्ये कोपेर्तो हा शब्द नेमका असाच वापरतात. टेबलावर एका माणसासाठी मांडलेले काटे-चमचे, पेला, रुमाल, हे सगळं मिळून एक कोपेर्तो. रेस्टॉरंट किती मोठं आहे हेही ते त्यातच सांगतात: चाळीस कोपेर्ती, साठ कोपेर्ती. आपण नाही का म्हणत, दोनशे पानांचा कार्यक्रम!

तेव्हा कोपेर्तो हे पानाचे पैसे, आणि सेर्वित्सिओ हे वाढपाचे.

एवढं कळलं की हिशोब आपोआप उलगडतो. पानं डोक्यांवर मोजतात, म्हणून कोपेर्तो माणशी ठरलेला असतो. साधारण एक ते तीन युरो, पर्यटकांच्या चौकात त्याहून जास्त. वाढप किती झालं ते बिलावर ठरतं, म्हणून सेर्वित्सिओ टक्क्यांत, बहुतेक दहा ते पंधरा. चौघं बसलात आणि कोपेर्तो तीन युरो असेल तर बारा युरो द्यायचे. तुम्ही वीस युरोंचं खा नाहीतर दोनशेचं, त्यात फरक नाही. सेर्वित्सिओ बारा टक्के असेल तर वीसवर दोन युरो चाळीस सेंट आणि दोनशेवर चोवीस. एक पास्ता चौघांत वाटून खाणाऱ्याला कोपेर्तो झोंबतो. पाहुण्यांना घेऊन चार कोर्सचं जेवण जेवणाऱ्याला सेर्वित्सिओ. आपली मंडळी बहुधा पहिल्या गटातली, म्हणून आपल्याकडच्या तक्रारीही कोपेर्तोच्याच.

कोपेर्तोची जन्मकथा तिकडे अशी सांगतात: पूर्वी वाटसरू खानावळीत स्वतःची शिदोरी सोडून बसत, विकत काही घेत नसत. मग खानावळवाल्यांनी छप्पर आणि टेबलाचे पैसे घ्यायला सुरुवात केली. कोपेर्तो या शब्दाचा अर्थ 'झाकलेलं', त्यामुळे गोष्ट चपखल बसते. मला अशा फार चपखल बसणाऱ्या गोष्टींचा जरा संशय येतो, पण सांगायला छान आहे.

या अडीच युरोंत मिळतं काय? कापडी किंवा कागदी टेबलक्लॉथ, काटे-चमचे, आणि पावाची टोपली. पाणी त्यात येत नाही. पाण्याची बाटली वेगळी विकत घ्यायची, साधी की बुडबुड्यांची तेवढं वेटर विचारतो. टोपलीतल्या पावाबरोबर लोणी येत नाही आणि तो आधी खाऊन संपवायचाही नसतो. आम्ही अर्थातच संपवला. भूक लागली होती, समोर फुकट वाटणारी टोपली होती, आणि पापड-कोशिंबिरीवर सुरुवात करायची पिढ्यान् पिढ्यांची सवय. त्या पावाचं खरं काम शेवटी असतं. बशीत राहिलेला सॉस पावाच्या तुकड्यानं पुसून खायचा, त्याला 'स्कारपेत्ता' म्हणतात, शब्दशः छोटा बूट. फार शिष्ट ठिकाणी करत नाहीत, पण गल्लीतल्या त्रात्तोरियात, म्हणजे साध्या खानावळीत, सगळे करतात. आप्पांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. तोर्तेल्लोनीखालचं सेजच्या पानांचं लोणी त्यांनी उरलेल्या शेवटच्या तुकड्यानं असं टिपलं की ताट घासायला टाकायची गरज उरू नये. बशी उचलताना वेटर हसला आणि म्हणाला, "ब्राव्हो."

टेबलक्लॉथ आणि पाव सोडून त्या पैशांत आणखी एक गोष्ट मिळते, आणि माझ्या मते मोल तिचंच आहे. बसून राहणं. आपल्या खानावळीत शेवटचा ताकभात संपतो न संपतो तोच पुढचा माणूस खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असतो, आणि त्यात गैर काही नाही, त्या दरात तेच परवडतं. इटलीत बिल मागितल्याशिवाय येत नाही. आम्ही पहिल्या दिवशी वीस मिनिटं बिलाची वाट बघत बसलो आणि मनातल्या मनात वेटरला आळशी ठरवलं. तो बिचारा सभ्यपणा पाळत होता, कारण आपणहून बिल आणून ठेवणं म्हणजे 'उठा आता' म्हणणं. 'इल कोन्तो, पेर फावोरे' म्हटल्यावर दोन मिनिटांत आलं.

आता सेर्वित्सिओ. तो भेटला व्हेनिसमध्ये, कालव्याच्या कडेला, जिथं मेनू सहा भाषांत असतो आणि दारात एक माणूस तुम्हाला हाका मारत उभा असतो. (असा माणूस दिसला की पुढं चालावं, हे आम्हाला नंतर कळलं.) खाणं ६० युरोंचं. कोपेर्तो माणशी तीन, म्हणजे नऊ. त्याखाली सेर्वित्सिओ बारा टक्के, सात युरो वीस सेंट. एकूण ७६ युरो २० सेंट. म्हणजे दोन्ही एकाच बिलात येऊ शकतात. एक घेतला म्हणून दुसरा घ्यायचा नाही असं काही नाही. बायकोनं मेनू परत मागवला. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन्ही छापलेले होते. किंमत ग्राहकाला आधी दिसली पाहिजे हा तिथला नियम, आणि तो पाळलेला होता. आम्हीच वाचलं नव्हतं. भांडायला जागा नव्हती याचंच आप्पांना जास्त वाईट वाटलं.

मेनूवर 'सेर्वित्सिओ इन्क्लूझो' किंवा 'कोम्प्रेझो' असं दिसलं तर घाबरायचं कारण नाही. सर्व्हिस किमतीत धरलेली आहे, वेगळी लावणार नाही, असा त्याचा अर्थ. नुसता सेर्वित्सिओ शब्द ओळखून 'इथं चार्ज लावतात' म्हणत बाहेर पडणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांत मीही एकदा होतो.

आता आप्पांच्या कोर्टाबद्दल. त्यांची माहिती अर्धी बरोबर होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या की हॉटेलांनी बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या उचलून धरल्या. आपण खुशीनं द्यायला कुणी अडवलेलं नाही, सक्ती चालत नाही. पण हा सगळा वाद वाढपाच्या पैशांचा. पानाचे पैसे वेगळे लावायची पद्धत आपल्याकडे रुळलीच नाही. ते थाळीच्या किमतीत मुरलेले असतात. म्हणून तुलना करायचीच तर आपला सर्व्हिस चार्ज सेर्वित्सिओशेजारी ठेवा. कोपेर्तोच्या शेजारी ठेवायला आपल्या बिलावर काहीच नाही.

टिप हा तिसराच प्रकार, 'मान्चा'. माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. त्याला बिलावर वीस टक्के ठेवल्याशिवाय उठवत नाही, कारण अमेरिकेत वेटरचं पोट बरंचसं टिपवर चालतं. इटलीत वेटरचा पगार देशव्यापी कामगार करारानुसार ठरतो, टिप त्या हिशोबात धरलेली नसते. खुश झालात तर एक-दोन युरो ठेवा, नाही ठेवलेत तर कुणी मागून येत नाही. कोपेर्तो दिला म्हणजे वेटरला टिप पोचली असं मात्र समजू नका. ते पैसे मालकाच्या गल्ल्यात जातात. सेर्वित्सिओसुद्धा वेटरच्या खिशातच जाईल याची खात्री धरता येत नाही.

कॉफीच्या बारमध्ये कोपेर्तो सहसा नसतो, पण पान मांडण्याचे पैसे तिथंही वेगळ्या वाटेनं येतात. भिंतीवरच्या दरपत्रकात दोन रकाने असतात: 'आल बांको' म्हणजे काउंटरला उभं राहून, आणि 'आल ताव्होलो' म्हणजे टेबलावर बसून. तीच एस्प्रेसो बसून प्यायली की दुप्पट झालेली मी पाहिली आहे. व्हेनिसच्या सान मार्को चौकात १७२० पासून चालू असलेलं कॅफे फ्लोरियान आहे. तिथं बाहेर वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताचे पैसे आणखी वेगळे लागतात. मेनूवर तसं लिहिलेलंच असतं. आम्ही चौकात उभं राहून ऐकलं.

रोममध्ये पुन्हा वेगळीच गंमत. रोम ज्या लाझिओ प्रांतात येतं तिथं २००६ च्या प्रांतिक कायद्यानं कोपेर्तो लावायला बंदी घातली. म्हणून तिथल्या बिलावर बऱ्याचदा कोपेर्तो दिसत नाही, त्याच्या जागी 'पाने' नावाची ओळ दिसते. हा मराठी शब्द नव्हे, पण योगायोग मला इतका आवडला की मी आप्पांना दोनदा वाचून दाखवला. पाने म्हणजे पाव. दीड-दोन युरोंची ओळ बघून 'नाव बदललं, लूट तीच' असं वाटतं. तसं नाही. कोपेर्तोतला पाव तुम्ही खाल्ला नाहीत म्हणून कोपेर्तो कमी होत नाही. पान मांडलं गेलंय, तुम्ही बसलायत. रोमच्या 'पाने'चं तसं नाही. तो जिन्नस आहे, पाण्याच्या बाटलीसारखा. नको असेल तर टोपली आल्या आल्या परत करायची, पैसे लागत नाहीत.

हे कळल्यावर आप्पांचा चेहरा उजळला. एकोणीस दिवसांत पहिल्यांदा बिलातली एक ओळ त्यांच्या हातात आली होती. रोमच्या त्रास्तेव्हेरे भागातल्या एका छोट्या ठिकाणी बसलो, टोपली आली, आणि वेटरनं ती टेकवायच्या आत आप्पांनी हात आडवा केला. "नो पाने, ग्रात्सिए." वेटरनं खांदे उडवले, टोपली उचलली. आप्पांनी आमच्याकडे असं पाहिलं की जणू एखादं थकलेलं कर्ज वसूल झालंय.

मग त्यांचं काचो ए पेपे आलं. पेकोरिनो चीज, मिरी आणि पास्ता शिजवलेलं पाणी, बाकी काही नाही. (पेकोरिनोत कोकराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध थिजवणारं द्रव्य, असतं, हे मी त्या टेबलावर बोललो नाही आणि अजून बोललेलो नाही.) पास्ता संपला. बशीच्या तळाशी मिरीचे ठिपके पडलेला घट्ट, पिवळसर पांढरा सॉस चार चमचे उरला. आप्पांनी काट्यानं थोडा ओढून बघितला, मग चमच्यानं. मग बशीकडे बघत बसले. आम्ही दोघं काही बोललो नाही.

शेवटी त्यांनी वेटरकडे पाहून बोट वर केलं.

बिलावर सगळ्यात खाली ओळ आली: पाने, २,००. या वेळी त्यावर बोट अडलं नाही.