पर्शियन मांजर

लांब व दाट केस, रुंद गोल चेहरा, आखूड नाक आणि बुटके पाय असलेली पाळीव मांजराची एक जात. कान लहान, टोकाशी गोलसर. आवाज मंद, स्वभाव शांत.

नाव इराणचे असले, तरी या जातीचा उगम वादग्रस्त आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने १६२० च्या सुमारास इराणमधील इस्फहानहून लिहिलेल्या पत्रात तिथल्या खोरासान प्रांतातील रेशमी केसांच्या करड्या मांजरांचे वर्णन आढळते. साधारण त्याच काळात तुर्कस्तानातील अंगोरा (आजचे अंकारा) भागातली लांब केसांची मांजरे फ्रान्समध्ये पोचली. पुढे युरोपात दोहोंचा बराच संकर झाला असावा. इंग्रज चित्रकार व मांजरप्रेमी हॅरिसन वेअर यांनी १८७१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचे प्रदर्शन भरवले. तेव्हा पर्शियन नाव रूढ होते. वेअर पर्शियन आणि अंगोरा वेगळ्या मानत, मात्र त्यांच्या काळातील अनेक पैदासकारांनी हा भेद पाळला नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आजची पर्शियन मांजरे मध्यपूर्वेपेक्षा पश्चिम युरोपातील मांजरांना अधिक जवळची ठरली. त्यामुळे आजची जात मुख्यतः युरोपात घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लांब केसांचे कारण एफजीएफ ५ या जनुकातील अप्रभावी बदल हे आहे, म्हणजे तो आई आणि वडील दोघांकडून आला तरच केस लांब होतात.

जुन्या चित्रांतील पर्शियनचे नाक स्पष्ट दिसते. चपटा चेहरा विसाव्या शतकातील निवडक पैदाशीतून आला. आपल्याकडील विक्रेते ‘डॉल फेस’ (नाक स्पष्ट दिसणारे), ‘सेमी पंच’ (मधले), ‘पंच फेस’ (अगदी चपटे) असे प्रकार सांगतात. नाक जितके आत, तितका श्वासाचा व डोळ्यांचा त्रास अधिक. पिल्लू घेताना हे आवर्जून पाहावे. जन्मभर घोरत श्वास घेणे हे सौंदर्य नव्हे.

चपट्या चेहऱ्यात अश्रुनलिका वाकडी होते, पाणी गालावर ओघळते आणि नाकाशेजारी तपकिरी डाग पडतो. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून बाहेर, रोज हलक्या हाताने पुसावे. केस रोज विंचरावे लागतात. कानामागे, काखेत आणि पोटाखाली आधी गुंता होतो, मग त्याची नमद्यासारखी गाठ बनते. अशी गाठ कात्रीने कापू नये: पातळ कातडी गाठीबरोबर वर ओढली जाते आणि कापली जाते. बोटांनी टोकाकडून थोडी थोडी सोडवावी. न सुटल्यास पशुवैद्याकडून मशीनने काढून घ्यावी. केस गळून गोल चट्टे दिसल्यास नायटा असू शकतो. तो माणसांनाही होतो.

मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणे हा या जातीचा आनुवंशिक विकार आहे. पीकेडी १ जनुकातील दोष एकाच पालकाकडून आला तरी तो होतो. लक्षणे बहुधा मध्यम वयात दिसतात. दोषाचा शोध २००४ मध्ये लागला, त्यामुळे पैदाशीपूर्वी तपासणी शक्य आहे.

लसीकरण इतर मांजरांप्रमाणेच. पॅरासिटामॉल मांजराला जीवघेणे असते, कारण त्याचे यकृत ते नीट निष्प्रभ करू शकत नाही. कुत्र्यांसाठीची परमेथ्रीनयुक्त पिसवांची औषधेही तशीच घातक. बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर ते बद्धकोष्ठ समजून घरी थांबू नये. मूत्रमार्ग तुंबल्यास एक-दोन दिवसांत प्राण जाऊ शकतात.