दादाजींच्या तीन लोंब्या

धान निसवलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडल्या, की बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, एखादं झाड वेगळं दिसतंच. कुठे हातभर उंच, कुठे आठ दिवस आधी पिकलेलं. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, त्याला भेसळ म्हणतात आणि उपटून बांधावर टाकतात. बियाणं शुद्ध राखायचं तर ते बरोबरही आहे. 1983 मध्ये दादाजी रामाजी खोब्रागडे या शेतकऱ्याने मात्र अशा तीन लोंब्या जपून घरी आणल्या; एचएमटी तांदूळ त्यांतूनच आला.

गाव नांदेड, पण चंद्रपूर जिल्ह्यातलं, नागभीड तालुक्यातलं. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. शेतात पटेल-3 या वाणाचं धान होतं, त्यात या तीन लोंब्यांचे दाणे पिवळसर दिसले. पुढच्या हंगामात त्यांनी ते वेगळे लावले. जंगल जवळ, रानडुकरांचा त्रास, म्हणून त्या एवढ्याशा तुकड्यावर काटेरी फांद्या टाकल्या.

हे वेगळं लावणं फार मोलाचं होतं. झाड वेगळं दिसतं ते कधी जास्तीच्या शेणखतामुळे, कधी पाणी साचल्यामुळे. तसं असेल तर पुढची पिढी पुन्हा पटेल-3 सारखीच निघते. वेगळेपण बियाण्यातच असेल तरच ते टिकतं. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी 1903 मध्ये घेवड्याच्या बियांवर हेच दाखवलं होतं: एकाच शुद्ध वंशातली मोठी बी पेरा की लहान, पुढच्या बियांची सरासरी सारखीच येते. दादाजींनी तीच परीक्षा आपल्या बांधीत घेतली.

धानाचं फूलही त्यांच्या मदतीला होतं. दुपार व्हायच्या आधी दोन तुसं जराशी उघडतात, आतले सहा परागकोश बाहेर डोकावतात आणि पराग बहुधा त्याच फुलात झडतो. थोड्या वेळात तुसं मिटतात. शेजारच्या वाणाशी संकर होतो तो शंभरात एखाद्या फुलाचा, तोही क्वचित. म्हणून चांगली लोंब निवडून दरवर्षी वेगळी लावत गेलं की वाण स्थिर होतो. दादाजी हे काम वर्षानुवर्षं करत राहिले. माझ्या मते खरं संशोधन या चिकाटीत आहे; वेगळी लोंब तर कुणालाही दिसते.

या नव्या वाणाचा तांदूळ बारीक, चवीला उत्तम. बाजारात आला तेव्हा त्याला नाव नव्हतं; व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून एचएमटी म्हटलं, तेच रूढ झालं. पुढे त्यांनी नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, दीपक रत्न असे आणखी वाण काढले. डीआरके या वाणात तेवढी त्यांची आद्याक्षरं आहेत.

शेतकऱ्यालाही वाणाचा पैदासकार मानणारा कायदा 2001 मध्ये झाला. एचएमटी तोवर गावोगाव पोचलं होतं आणि दादाजींच्या हाती त्यातलं फार थोडं आलं, याचं वाईट वाटतं. 2005 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 3 जून 2018 रोजी ते गेले. मृग चार-पाच दिवसांवर होता, पऱ्हे टाकायचे, म्हणजे धानाच्या रोपांसाठी बी पेरायचे दिवस.