कॅन्सर रिपोर्टमध्ये दिसत नाही, तरी गोळी चालूच का?

सीएमएल म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, रक्ताचा कॅन्सर. यात 9 आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल नावाचं प्रोटीन तयार होतं, ते पेशींना सारखं वाढायला लावतं. इमॅटिनिब ही गोळी नेमकं हेच प्रोटीन अडवते. 2001 साली ती आली आणि या आजाराचं चित्रच पालटलं, आपल्याकडे तर 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ही गोळी बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीला पेटंट नाकारलं म्हणून जेनेरिक गोळ्या सामान्य माणसाला परवडतात, हे फार मोठं काम झालं.

आता खरी गंमत बघा. फ्रान्समध्ये 100 पेशंटची गोळी बंद करून बघितली, सगळ्यांचे पीसीआर रिपोर्ट (रक्तात बीसीआर-एबीएल शोधणारी टेस्ट) किमान 2 वर्षं क्लीन होते. तरी जवळपास 60 टक्के लोकांमध्ये आजार परत आला, तोही बहुतेकांना पहिल्या 6 महिन्यांतच!

आला कुठून? तर बोनमॅरोमध्ये दडलेल्या कॅन्सर स्टेम सेल्समधून, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीच्या कॅन्सर पेशी तयार होतात त्या मूळ पेशींमधून. हरळी वरवर खुरपली आणि काशा जमिनीत राहिल्या तर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको, तसंच हे. या पेशी बराच काळ झोपलेल्या असतात, विभाजनच होत नाही, त्यामुळे वाढत्या पेशींना मारणारी केमो त्यांना फारशी लागत नाही, काहींमध्ये तर औषध बाहेर फेकणारे पंपही असतात. आणि सीएमएलच्या स्टेम सेल्स जगण्यासाठी बीसीआर-एबीएलवर अवलंबूनच नसतात, मग गोळी त्यांचं काय बिघडवणार?

अशा पेशी आहेत हे 1994 मध्ये टोरांटोच्या जॉन डिक यांच्या टीमने दुसऱ्या एका ल्युकेमियात उंदरांवर दाखवलं. 2003 मध्ये ब्रेस्ट कॅन्सरमध्येही तेच दिसलं, ठराविक प्रकारच्या 100 पेशींनी उंदरात गाठ झाली, बाकीच्या हजारो टोचूनही नाही. पण सगळीकडे हेच लागू होतं असं समजू नका, मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये 2008 साली साधारण दर 4 पेशींतली 1 गाठ तयार करू शकते असं आढळलं, म्हणजे तिथे मूठभर पेशींना टार्गेट करून भागणार नाही.

राहिले ते 40 टक्के लोक. त्यांच्यातल्या काहींमध्ये जास्त बारीक टेस्ट केली तर बीसीआर-एबीएल सापडतं, तरी आजार उलटत नाही, बहुधा इम्युनिटी त्या पेशींना दाबून ठेवते. म्हणूनच आज निवडक पेशंटची गोळी डॉक्टर बंद करतात, पण सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करून, आणि आकडा वाढला की लगेच परत सुरू. स्वतःच्या मनाने मात्र कृपा करून एकही दिवस गोळी चुकवू नका.