दहाव्या ब्रेकचं गणित

मोठ्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि लालभडक कॅलिपर (त्या चकत्यांवर घर्षणाचे पॅड दाबणारे चिमटे) बसवले की गाडी कमी अंतरात थांबते, अशी समजूत फार पसरलेली आहे. एकाच जोरकस ब्रेकपुरतं पाहिलं तर ती बहुतेकदा चूक ठरते. पेडल कचकन दाबल्यावर एबीएस (चाकं जखडू न देणारी यंत्रणा) थरथरायला लागत असेल, तर मूळचे ब्रेक चाकं जखडण्याइतके दमदार आहेतच. त्यापुढचा सगळा मामला टायरच्या पकडीचा. कोरड्या डांबरावर चांगले टायर असलेली गाडी ताशी १०० किलोमीटरवरून साधारण ४० मीटरमध्ये थांबते. हे अंतर घटवायचं असेल तर पैसे टायरवर घालावेत.

ब्रेक बदलायचे ते पहिल्या नव्हे, लागोपाठच्या दहाव्या ब्रेकसाठी, म्हणजे उष्णतेसाठी. १५०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरने धावत असताना तिच्यात सुमारे ५.८ लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट, म्हणजे २३ लाख ज्यूल. ब्रेक दाबल्यावर यातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन डिस्कमध्ये शिरते. थांबताना गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे सुमारे ७० टक्के काम पुढच्या दोन डिस्कवर पडतं. एकेक डिस्क ९ किलोची धरली, तर ताशी २०० वरून एकदा थांबण्यात तिचं तापमान अंदाजे १८० अंश सेल्सिअसने चढतं. रस्त्यावर पुढचा असा ब्रेक लागेपर्यंत ती निवते. शर्यतीच्या ट्रॅकवर तेवढी उसंत मिळत नाही, आणि थोड्याच वळणांत पारा ५०० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. १९५३ च्या फ्रान्समधल्या २४ तासांच्या ल मां शर्यतीत जॅग्वार सी-टाइपला डनलॉपच्या डिस्क ब्रेकचा मोठा फायदा झाला तो इथेच: ड्रम ब्रेकवाले तापून ढेपाळत असताना तिचे चालक प्रत्येक फेरीत उशिरा ब्रेक मारू शकत होते.

ब्रेक तापून दगा देतात ते दोन प्रकारे, आणि कुठला प्रकार आहे हे पायालाच कळतं. पेडल कडक लागतंय पण गाडी रोखली जात नाही, तर दोष पॅडचा. पॅडमधलं मिश्रण बांधून ठेवणारं राळेसारखं द्रव्य अतिउष्णतेत विघटित होतं, वायू सुटतात आणि घर्षण घसरतं. उलट पेडल मऊ पडून थेट आत जात असेल, तर पेडलचा जोर चाकांपर्यंत पोचवणारं ब्रेक ऑइल उकळलं आहे. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, आणि पायाचा सगळा जोर वाफेचे बुडबुडे दाबण्यातच खर्च होतो.

दुसऱ्या दुखण्याचा इलाज सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात दुर्लक्षित. डॉट ४ दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं. पण ते हवेतली ओल शोषतं, आणि ३.७ टक्के पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८० आहेत. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं वेगळंच द्रव्य आहे. नावं सारखी वाटली तरी ते या दोघांत मिसळायचं नाही.

पॅड निवडताना 'जास्त घर्षण म्हणजे जास्त चांगला' हा हिशेब चालत नाही. प्रत्येक मिश्रणाचा आपापला तापमानाचा पट्टा असतो. शर्यतीचा पॅड ६०० अंशांना खूश असतो, पण सकाळी गार असताना नेमका गरजेच्या वेळी कमी पकडतो, करकरतो, डिस्कही खातो. अमेरिकेत पॅडच्या कडेवर दोन अक्षरं छापलेली असतात: ई म्हणजे घर्षणगुणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. पहिलं अक्षर कमी तापमानाचं, दुसरं चढ्या तापमानाचं. पण ही चाचणी साधारण ३४० अंशांपर्यंतच जाते, म्हणून ट्रॅकसाठी निर्मात्याचा तापमान-घर्षण आलेख पाहावा. तो द्यायला जो तयार नाही, त्याचे पॅड मी तरी घेणार नाही.

डिस्कचं मुख्य काम उष्णता साठवणं आणि हवेला देणं. त्यासाठी बीड (ओतीव लोखंड) अजूनही उत्तम: त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता पटकन पसरते आणि कंपनंही शमतात. आतल्या पात्या वक्र असतील तर डिस्क पंख्यासारखी मधून हवा ओढून कडेला फेकते. अशा डिस्क डावी-उजवी पाहूनच बसवाव्या लागतात. भोकांची डिस्क दिसते झकास, पण बिडाच्या डिस्कमध्ये तापणं-निवणं सुरू झालं की तडे भोकांपाशीच सुरू होतात. खाचांची डिस्क पॅडचा पृष्ठभाग साफ ठेवते, बदल्यात थोडा आवाज करते. मला विचाराल तर ट्रॅकला साधी किंवा खाचांचीच बरी. कार्बन-सिरॅमिक वजनाला जवळजवळ निम्मी असते, पण किमतीमुळे बहुतेकांचा प्रश्न तिथेच मिटतो.

फक्त पुढची डिस्क मोठी केली आणि मागचं तसंच ठेवलं, तर पुढची चाकं लवकर जखडतात, मागच्यांची पकड वाया जाते आणि थांबण्याचं अंतर वाढूही शकतं. त्यामुळे सुटे भाग जमवण्यापेक्षा त्या मॉडेलसाठी समतोल मोजून बनवलेला संच घ्यावा. तोही आधी डिस्कच्या कडेला तापमानदर्शक रंग लावून पाहिल्यावरच. सर्रास मिळणाऱ्या संचात हिरवा सुमारे ४३०, नारिंगी ५६० आणि लाल ६१० अंशांना बदलतो. लाल शाबूत राहिला आणि नारिंगी उडाला, तर पॅडचा पट्टा कुठवर हवा ते समोरच असतं.

नवे पॅड बसवल्यावर वेग वाढवत जाऊन, पूर्ण न थांबता, ओळीने मध्यम जोराचे ब्रेक मारावेत आणि मग गाडी चालवतच निवू द्यावी. त्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो; यालाच बेडिंग म्हणतात. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून उभं राहिलं तर थर एकाच जागी जाड होतो आणि पुढे पेडल थरथरतं. गॅरेजमध्ये त्यालाच 'डिस्क वाकली' म्हणतात. कित्येकदा डिस्क सरळच असते आणि पुन्हा नीट बेडिंग केल्यावर थरथर जाते.