उपरोधिक समीक्षा (मराठी)

ग्रंथ, राजकारण किंवा सामाजिक रूढी यांचे परीक्षण उपहास, व्याजस्तुती (स्तुतीच्या मिषाने निंदा), वक्रोक्ती (आडवळणाने बोलणे) व विडंबन यांच्या आधारे करणारे लेखन. मराठीत या लेखनाची विभागणी विनोदी साहित्य, वृत्तपत्रीय लेखन आणि टीका अशा वेगवेगळ्या खणांत झाली आहे. त्यामुळे त्यातील विनोदाचे कौतुक झाले, पण समीक्षा नजरेआड राहिली. वास्तविक मूळ लेखकाची लकब, त्याचे लाडके शब्द आणि त्याच्या विचारातील कच्चे दुवे नेमके हेरल्याशिवाय विडंबन साधत नाही. ज्याने मूळ कृती मन लावून वाचलेली नाही, त्याच्या हातून फार तर टवाळी होते.

आधुनिक काळात या लेखनाला धार आली ती विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाला’ या मासिकात (१८७४–८१). लोकहितवादींपासून जोतीराव फुल्यांपर्यंत अनेकांचा त्यांनी उपरोधाने समाचार घेतला. मराठी गद्याला त्यांनी दिलेला डौल मान्य करूनही फुल्यांवरील त्यांची टीका अपुरीच म्हणावी लागते. फुल्यांच्या भाषेतील व्याकरणाच्या चुकांची त्यांनी थट्टा केली. फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ या ग्रंथाने (१८७३) उभे केलेले प्रश्न मात्र त्या थट्टेआड अनुत्तरित राहिले. उपरोध मुद्द्याऐवजी माणसाच्या शिक्षणावर वा जातीवर घसरला की समीक्षा तिथेच थांबते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

उपहासाचे हत्यार फुल्यांकडेही होते. १८८५ मध्ये पुण्यात भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण त्यांना आले, तेव्हा त्यांनी पत्र पाठवून ते नाकारले. उच्चवर्णीय पुढाऱ्यांना उद्देशून वापरलेला ‘घालमोड्या दादा’ हा त्यांचा प्रसिद्ध शब्दप्रयोग या पत्रातला. जे लोक शूद्रातिशूद्रांना माणुसकीचे हक्क देत नाहीत, त्यांच्या ग्रंथांशी आपल्या ग्रंथांचा मेळ बसत नाही, असा त्यांचा रोख होता. साहित्यसंस्था कोणाच्या आणि ग्रंथ कोणासाठी, हा प्रश्न मराठीत इतक्या थोड्या शब्दांत आणि इतक्या थेट त्याआधी क्वचितच विचारला गेला असेल. संस्थात्मक साहित्यव्यवहाराच्या समीक्षेचा आरंभ या पत्रापासून धरणे योग्य ठरेल.

राजकीय लेखनात उपरोध ही गरजही होती. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये ‘काळ’ साप्ताहिक सुरू केले. परकी सत्तेवर उघड लिहिणे धोक्याचे असल्याने पुराणकथा, इतिहास आणि वरकरणी स्तुती यांच्या आडून ते लिहीत. वाचकाला रोख बरोबर कळे, पण कायद्याला बोट ठेवायला वाक्य सहज सापडत नसे. तरीही १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना शिक्षा झालीच.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ या लेखमालेतून रूढींची तपासणी केली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही मंडळी एखाद्या खुळचट प्रथेचे समर्थन मोठ्या गांभीर्याने करतात आणि ती प्रथा त्यांच्याच युक्तिवादाने उघडी पडते. कोल्हटकरांनी ग्रंथांची गंभीर परीक्षणेही लिहिली. तर्काची तीच शिस्त त्यांच्या विनोदात दिसते. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने लिहिताना ‘कवींचा कारखाना’मध्ये साचेबंद काव्यरचनेलाच लक्ष्य केले. गडकरी स्वतः ‘गोविंदाग्रज’ या नावाने कविता करीत असल्यामुळे या कारखान्यातली यंत्रे त्यांना आतून ठाऊक होती.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा ‘झेंडूची फुले’ (१९२५) हा ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेला संग्रह या परंपरेचे शिखर मानावा. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळ या कविमंडळाच्या कवितेतील ठरीव हळवेपणा हे त्याचे एक प्रमुख लक्ष्य होते. परंतु विडंबन कसे काम करते हे पाहण्यासाठी त्यातील दुसरे उदाहरण अधिक उपयोगी पडते. रेव्हरंड टिळकांच्या ‘पाखरा, येशिल कधी परतून?’ या कवितेतली आर्तता मराठी वाचकाच्या ओठांवर होती. अत्र्यांनी चाल तशीच ठेवली, आर्जवाचा सूरही राखला आणि पाखराच्या जागी परीट आणला: ‘परिटा, येशिल कधी परतून?’ आता वाट पाहायची ती कपड्यांची! या एका बदलाने वाचकाला कळते की कवितेतल्या कारुण्याचा बराच भाग चाल आणि संबोधन यांनी पेललेला होता. टिळकांची कविता यामुळे उणी ठरत नाही, ती कशी बांधली आहे ते दिसू लागते. पानभर रसग्रहणाने जे क्वचित साधते, ते इथे एका ओळीत साधले आहे.

अत्र्यांचे राजकीय लेखन याहून भडक आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात १९५६ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या ‘मराठा’ दैनिकाने उपहासाचा मारा केला आणि जनमत पेटवण्यात मोठा वाटा उचलला. त्यातले बरेचसे व्यक्तींवरचे प्रहार प्रसंग सरल्यावर फिके पडले. ‘झेंडूची फुले’ मात्र अजून टवटवीत वाटते, कारण तिथे निशाणा प्रवृत्तींवर आहे.

१९६० नंतर लघुअनियतकालिकांच्या (प्रस्थापित मासिकांबाहेर, जमेल तेव्हा निघणाऱ्या छोट्या अंकांच्या) पिढीने उपरोधाचा रोख पुन्हा साहित्यव्यवहाराकडे वळवला. अशोक शहाणे यांनी समकालीन मराठी वाङ्मयाची झडती घेतली. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ या लेखाने सत्कार, अध्यक्षपदे आणि प्रसिद्धी यांत रमणाऱ्या लेखकाचे वर्णन करायला ‘लेखकराव’ हा शब्दच चलनात आणला. शीर्षकापासूनच उपहास असलेला हा लेख टीका म्हणून गंभीरपणे वाचला गेला, ही मोठी गोष्ट होती. नेमाड्यांच्या ‘टीकास्वयंवर’ (१९९०) या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

पु. ल. देशपांडे यांचा ‘मराठी वाङ्मयाचा (गाळीव) इतिहास’ (१९९४) सौम्य प्रकृतीचा आहे. एखाद्या ग्रंथाऐवजी तो साहित्येतिहास लिहिण्याच्या पद्धतीलाच हात घालतो. कालखंडांची सोयीस्कर आखणी, कवींच्या जन्मगावांचे वाद आणि अभ्यासकांची पंडिती भाषा ही त्याची सामग्री. महाविद्यालयीन पाठ्यग्रंथांतले साचे ज्याने वाचले आहेत, त्याला या पुस्तकाची खरी लज्जत कळते.