चुंबकपुच्छातील पुनर्जोडणी आणि विद्युतक्षेत्र : पार्श्वभूमी

इंदुरातल्या आमच्या मराठी अभ्यासगटात सध्या पृथ्वीच्या चुंबकपुच्छावरचे, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या रात्रीच्या बाजूला लांबवर ओढल्या गेलेल्या शेपटीवरचे, वाचन चालू आहे. आपल्यापैकी बहुतेकांची चुंबकत्वाशी ओळख लोहकिसाने उमटलेल्या स्थिर रेषांतून झालेली असल्याने, त्या रेषा तुटून नव्याने जुळतात (हीच पुनर्जोडणी) आणि त्याचा वेग विद्युतक्षेत्रावरून मोजतात, हे चटकन पटत नाही.

वस्तुतः विद्युतक्षेत्र या विषयात मागाहून आलेले नाही. ऑस्ट्रेलियाचे रोनाल्ड जोव्हानेली यांनी १९४६ च्या सुमारास सौरज्वालांचा विचार करताना, चुंबकीय क्षेत्र जिथे शून्य होते तिथे विद्युतक्षेत्र भारित कणांना वेग देऊ शकेल, असे सुचवले होते. जेम्स डंगी यांनी ती कल्पना पृथ्वीकडे आणली. सौरवाऱ्यातले, म्हणजे सूर्याकडून वाहणाऱ्या भारित कणांच्या झोतातले, दक्षिणमुखी चुंबकीय क्षेत्र दिवसाच्या बाजूला पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते, रेषा रात्रीच्या बाजूला ओढल्या जातात आणि तिथे पुन्हा जुळतात, हे त्यांनी १९६१ मध्ये मांडले. या लांबलचक पुच्छाचे मोजमाप नॉर्मन नेस यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केले.

पुच्छाच्या उत्तर भागात चुंबकीय क्षेत्राची दिशा पृथ्वीकडे असते, दक्षिण भागात पृथ्वीपासून दूर. त्यात पहाटेच्या बाजूकडून सायंकाळच्या बाजूकडे जाणारे विद्युतक्षेत्र असले, की उत्तरेचा प्लाझ्मा (भारित कणांचा वायू) खाली आणि दक्षिणेचा वर, असे दोन्ही मधल्या पातळ प्रवाहपटलाकडे, म्हणजे विद्युतप्रवाह वाहणाऱ्या थराकडे, सरकतात आणि आपापल्या रेषाही सोबत नेतात. म्हणून पुनर्जोडणीच्या जागचे विद्युतक्षेत्र हेच तिच्या वेगाचे माप ठरते. माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली इथेच आहे.

अडचण वेगाची होती. स्वीट आणि पार्कर यांच्या १९५० च्या दशकातील गणिताने तो फारच मंद येई; पेट्शेक यांनी १९६४ मध्ये जलद मार्ग सुचवला. २००१ मध्ये वेगवेगळ्या संगणकीय प्रारूपांची तुलना झाली, तेव्हा इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या विलग हालचाली धरणाऱ्या सर्व प्रारूपांत वेग जवळपास सारखाच, आदर्श मापाच्या दशांशाच्या आसपास निघाला.

त्याची प्रत्यक्ष पारख नासाच्या ‘एमएमएस’ या चार यानांनी केली. प्रत्येक यानातून साठ मीटर लांबीच्या चार तारा बाहेर सोडलेल्या आहेत आणि त्यांच्या टोकांवरील संवेदकांतील विद्युतदाबाच्या फरकावरून विद्युतक्षेत्र कळते. ११ जुलै २०१७ रोजी ही याने पुच्छातील इलेक्ट्रॉनांच्या विसरणक्षेत्रातून, म्हणजे रेषा प्रत्यक्ष तुटून जुळतात त्या छोट्या जागेतून, गेली, तेव्हाही वेग त्याच आदर्श मापाच्या ०.१ ते ०.२ पटीच्या दरम्यानच आढळला.

बुध ग्रहाच्या पुच्छात रेषा जुळण्या-ओढल्या जाण्याचे हेच चक्र दोन-तीन मिनिटांत पुरे होते, पण तिथे गेलेल्या ‘मेसेंजर’ यानावर विद्युतक्षेत्र मोजणारे उपकरण नव्हते. २०१८ मध्ये निघालेल्या ‘बेपीकोलंबो’ मोहिमेतील ‘मिओ’ या जपानी यानावर ते आहे.